बडोद्यात घर विकायचंय? मग दाखवायच्या आधी खोल्या अशा तयार करा

मांजलपूरचं आमचं टेनामेंट, म्हणजे इकडे स्वतंत्र घराला म्हणतात ते, आई-बाबांनी विकायला काढलं तेव्हा पहिले चार महिने लोक येत होते, दारातून हॉल बघत होते, मान हलवत होते आणि निघून जात होते. एकदा एक गुजराती जोडपं आलं, बाई हॉलच्या दारातच उभ्या राहिल्या, आत आल्याच नाहीत, आणि तिथूनच विचारलं, "आ रूम केटलानो छे?" बाबा म्हणाले बारा बाय सोळा. त्यांना पटेचना, दहा बाय बारा असेल म्हणाल्या. बाबांनी टेप आणून मोजून दाखवलं, आकडा बरोबर निघाला, तरी काही फरक पडला नाही कारण त्यांना डोळ्यासमोर दिसत होता तो मोठा सोफा, दोन सिंगल खुर्च्या, एक सेटी, काचेचं शोकेस, शिलाई मशीन, कोपऱ्यात एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि या सगळ्यातून जायला जेमतेम दीड फूट वाट. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच हॉलमधून सहा वस्तू काढल्या, भिंती ऑफव्हाइट केल्या, लाइट बदलले, आणि त्यानंतर जे पहिले गृहस्थ आले ते आत पाऊल टाकताच म्हणाले, "हॉल तो मोटो छे." हॉल तोच होता.

हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर चार महिने वाचले असते म्हणून क्रमाने लिहितेय. माहेरच्या घरानंतर मी मावशीचा कारेलीबागचा फ्लॅट आणि काकांचं दांडिया बाजारातलं जुनं घर अशी अजून दोन घरं विक्रीसाठी तयार करून दिलीत, त्यामुळे खाली जे आहे ते हाताने केलेलं आहे.

याला होम स्टेजिंग म्हणतात, अमेरिकेत १९७० च्या दशकात बार्ब श्वार्झ नावाच्या बाईंनी हा शब्द रूढ केला आणि तिकडे रिकाम्या घरात भाड्याने सोफे-पलंग आणून मांडायचा धंदाच उभा राहिला. आपल्याला तेवढं करायची गरज नाही. आपल्या घरात सामान कमी नसतंच, जास्त असतं, त्यामुळे आपलं नव्वद टक्के काम काढण्याचं आहे, आणायचं फार थोडं. आमचा रंगासकट सगळा खर्च चाळीस हजाराच्या आत बसला आणि वेळ लागला साधारण सहा आठवडे, त्यातले तीन तर भिंत वाळायची वाट बघण्यात गेले.

आधी ठरवा, घेणारा कोण असणार

ही पायरी सगळे सोडतात. घर बडोद्यात कुठे आहे त्यावरून बघायला कोण येणार ते बऱ्यापैकी कळतं आणि खोल्या त्यांच्यासाठी मांडायच्या असतात, आपल्यासाठी नाही. फतेहगंज, निझामपुरा बाजूला युनिव्हर्सिटी जवळ असल्यामुळे भाड्याने द्यायला घर घेणारे बरेच येतात, तिथे एका खोलीत दोन सिंगल पलंग आणि एक टेबल-खुर्ची मांडून ठेवली की त्यांना लगेच हिशोब दिसतो. वासणा-भायली, गोत्रीकडे लहान मुलंवाली जोडपी जास्त, त्यांना मुलाचा अभ्यास कुठे होईल आणि गाडी कुठे लागेल हे दिसलं पाहिजे. मांजलपूरला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, नोकरी-धंदा असलेले लोक येतात, त्यांच्याबरोबर आई-वडील असतात, मग खालच्या मजल्यावर एक खोली म्हाताऱ्या माणसाला झोपता येईल अशी दिसली तर फार फरक पडतो. दांडिया बाजार, रावपुऱ्यात एकतर जुन्या शहरातच राहायचं म्हणणारे येतात नाहीतर खाली ऑफिस-दवाखाना काढणारे.

आणि एक गोष्ट आपण मराठी लोक विसरतो, की बघायला येणारे बहुतेक गुजराती असतात. त्यांच्या तोंडात एक शब्द सारखा असतो, हवा-उजास. "हवा-उजास सारो छे ने?" घर आवडलं की नाही ते बरंचसं इथेच ठरतं. त्यानंतर रसोडुं, म्हणजे स्वयंपाकघर, मग स्टोअररूम, मग धुण्याभांड्याची चोकडी. आपण हॉलच्या शोकेसवर जीव टाकत बसतो आणि त्या बाई सरळ मागे चोकडीत जाऊन नळ सोडून बघतात.

ओल, गळती, लोणा: रंगाच्या आधी हे

ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग मारून घर दाखवायला काढू नका. एक तर तो रंग दोन महिन्यांत फुगतो, आणि बघणाऱ्याबरोबर हल्ली ओळखीचा सुतार किंवा कॉन्ट्रॅक्टर असतो, तो भिंतीवर नुसता हात फिरवून सांगतो. दुसरं म्हणजे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये स्पष्ट आहे, घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने तो सांगायलाच हवा. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, समोरचा माणूस आयुष्यभराची कमाई तुमच्या घरात घालतोय, त्याला फसवायचं नाही हे आपल्याला आई-वडिलांनी शिकवलेलं असतंच.

ओल कुठून येतेय ते घरी तपासता येतं. फूटभर चौकोनी जाड प्लास्टिक घ्या, भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या दमट हवेचं आहे, खिडकी उघडी ठेवून सुटेल. भिंतीतून येत असेल तर वरच्या बाथरूमचा पाइप, गच्चीचा उतार, नाहीतर खालून जमिनीतून, या तीन ठिकाणी प्लंबरला बघायला लावा. आमच्याकडे गच्चीवरच्या पाण्याच्या पाइपाचा जोड गळत होता आणि त्यासाठी बाबांनी आधी दोनदा बेडरूम रंगवून घेतली होती! जोड बदलायला अडीचशे रुपये लागले.

गळती बंद झाल्यावर लोणा लागलेलं प्लास्टर खरवडून काढा, पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडून टाका, नवीन प्लास्टर करा आणि मग थांबा. निदान तीन आठवडे, पावसाळा असेल तर जास्त. घाईत पुट्टी मारली की आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि पुट्टीचे पापुद्रे निघतात. म्हणून शक्य असेल तर हे काम नवरात्रानंतर काढा, हवा कोरडी असते.

पुराचं पण इथेच सांगते. २०१९ च्या जुलैअखेरीला आणि मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हापासून समा, अकोटा, वडसर अशा भागात घर बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, पाणी आलं होतं का, किती आलं होतं. खरं सांगा. मावशीच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगला पाणी आलं होतं, तिने पहिल्याच भेटीत खांबावर हात ठेवून दाखवलं की इथपर्यंत आलं, मीटर आता वर घेतलेत, लिफ्ट तीन दिवस बंद होती. तिच्या घरात काही आलं नव्हतं कारण ती दुसऱ्या मजल्यावर. ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांनी नंतर सांगितलं की बाकी तीन ठिकाणी लोक "अहिंया तो पाणी आवतुंज नथी" म्हणाले आणि शेजाऱ्यांनी उलटं सांगितलं, म्हणून आम्ही इकडे आलो.

मोकळं करणं

याला मनाची तयारी लागते, सामान उचलायला नाही.

आईचं सगळ्यात अडलं ते आजोबांच्या फोटोपाशी. हॉलमध्ये समोरच्याच भिंतीवर, चंदनाचा हार घातलेला, पन्नास वर्षं तिथेच. मी म्हटलं आई, येणाऱ्याची पहिली नजर तिथे जाते, परक्याच्या गेलेल्या माणसाचा फोटो समोर असताना त्याला ते आपलं घर कसं वाटेल. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच स्टुलावर चढून फोटो उतरवला, पदराने काच पुसली आणि आतल्या खोलीत तिच्या पलंगाशेजारी लावला. मागे भिंतीवर फोटोएवढाच पांढरा चौकोन राहिला होता, बाकी भिंत किती काळवंडलीय ते आम्हाला त्या दिवशी कळलं. तर असे फोटो काढाच, पण ज्यांचे आहेत त्यांना वेळ द्या, आणि कपाटात टाकू नका, घरातच पण आतल्या बाजूला मानाने लावा.

देवघर मात्र हलवायचं नाही असं माझं मत. राहतं घर आहे, देव जागेवर असू द्या, फक्त आजूबाजूची जुनी कॅलेंडरं, उदबत्तीच्या राखेचे डाग, तेलकट समई, निर्माल्याची पिशवी हे सगळं स्वच्छ करा. गुजराती कुटुंबाला पण आपलं मंदिर कुठे बसेल हे बघायचंच असतं, त्यांना ती जागा आयती दिसते.

बाकी सामानाला सोपा नियम. प्रत्येक खोलीत उभं राहून विचारायचं, ही वस्तू खोली कशासाठी आहे ते सांगतेय का? बेडरूममध्ये पलंग सांगतो. शिलाई मशीन, इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, तुटका वॉकर, मुलाची शाळेतली ट्रॉफी नाही सांगत. जे सांगत नाही ते बाहेर. जुने पेपर आणि डबे पस्ती-भंगारवाल्याला, चांगल्या गाद्या-भांडी देऊन टाका, ठेवायचंच आहे ते खोक्यात भरून नातेवाइकांकडे किंवा महिनाभर एखादं गॅरेज भाड्याने घेऊन तिथे. माळ्यावर कोंबू नका हे मुद्दाम सांगतेय, कारण लोक माळा उघडून बघतात. कपाटं पण बघतात, भिंतीतली असतील तर नक्कीच, आणि गच्च भरलेलं कपाट उघडलं की त्यांना वाटतं या घरात जागा पुरत नाही. प्रत्येक कपाट अर्धं रिकामं दिसलं पाहिजे.

हॉल

सोफा एकच, भिंतीला लागून नको, तीन-चार इंच पुढे, आणि शक्यतो पाय असलेला, खालची फरशी दिसली की खोली मोठी वाटते. दारापासून खिडकीपर्यंत किंवा आतल्या दारापर्यंत चालायला निदान अडीच फूट सरळ वाट, मध्ये टीपॉय येत असेल तर टीपॉय काढा. शोकेस काढता येत नसेल तर त्यातल्या तीन चतुर्थांश वस्तू काढा, एका कप्प्यात दोन-तीनच ठेवा. खिडकीसमोरच्या भिंतीवर एक आरसा, यात खर्च काहीच नाही आणि उजेड दुप्पट वाटतो.

पडदे जाड, गडद, मागच्या दिवाळीतले असतील तर काढून धुवून बाजूला ठेवा आणि पातळ पांढरे किंवा फिकट लावा. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीच्या सहा इंच वर आणि दोन्ही बाजूंना तेवढीच बाहेर गेली तर पडदा उघडल्यावर काच पूर्ण मोकळी राहते, खिडकी मोठी दिसते.

जुन्या घरात मोझेक किंवा कोटा असेल तर त्यावर नवीन टाइल टाकायचा विचार सुद्धा करू नका, मशीन पॉलिश करून घ्या. काकांच्या दांडिया बाजारच्या घरात आम्ही लिनोलियम उचललं तर खाली लाल-काळ्या नक्षीचं मोझेक निघालं, अख्खं, एक तडा नाही. पॉलिशवाल्याने दोन दिवसांत ते असं काढलं की पंख्याचं प्रतिबिंब दिसत होतं, आणि जे घेणारे आले ते सगळ्यात आधी चपला काढून त्यावर अनवाणी चालले.

आता झोपाळा. आई म्हणत होती एवढी जागा अडते, काढून टाकू. मी नाही म्हटलं आणि ते बरोबर निघालं. बडोद्यात हिंचको असलेलं घर म्हणजे राहतं, सुखी घर. काढू नका, फक्त वरचे हुक तपासा, कड्यांना मशीनचं तेल घाला म्हणजे कुरकुर येणार नाही, फळी पुसून त्यावर एक स्वच्छ गादी टाका, उशा-चादरींचा ढीग नको. शेवटी ज्यांनी आमचं घर घेतलं त्यांच्या सासूबाई पहिल्या भेटीत झोपाळ्यावर बसल्या आणि मुलगा-सून अख्खं घर बघून येईपर्यंत उठल्याच नाहीत.

स्वयंपाकघर, स्टोअर, चोकडी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ओटा रिकामा. रिकामा म्हणजे गॅस आणि फार तर एक पाण्याचं भांडं, मिक्सर, डब्यांची रांग, तेलाची बरणी, औषधांचा ट्रे काहीच नको. रोज वापरायचं ते एका टोपलीत ठेवा, भेटीच्या आधी टोपली खाली ट्रॉलीत. गॅसच्या मागच्या टाइल्सवर तेलाचा थर असतो तो आपल्याला दिसत नाही कारण आपण रोज बघतो, गरम पाण्यात भांड्याचा साबण आणि खायचा सोडा घालून फडका दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. एक्झॉस्ट फॅनची पाती काढून धुवा. सिंकखालचं दार उघडून आत कोरडं आहे ना बघा, तिथे ओला वास आला की बाई नाक मुरडतात आणि मग उरलेलं घर त्या नजरेने बघतात. झुरळांसाठी जेल आठ-दहा दिवस आधी लावा, आदल्या दिवशी स्प्रे मारला तर त्याचा वासच सांगतो की इथे झुरळं आहेत.

नळावरचे पांढरे डाग क्षाराचे असतात. लिंबाची फुलं, म्हणजे लिंबूसत्त्व, दोन चमचे मगभर कोमट पाण्यात, त्यात फडका भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासा. पण हे पाणी संगमरवरावर, मोझेकवर किंवा कोट्यावर सांडू देऊ नका, दगडातला चुना आम्लाने खाल्ला जातो आणि चमक जाते. आणि बाथरूम साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच कधी एकत्र वापरू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

स्टोअररूमचं महत्त्व मला मावशीकडे कळलं. इथे बरीच घरं अजून उन्हाळ्यात वर्षाचा गहू एकदम भरतात, एरंडेल तेल चोळून कोठीत. मावशीच्या स्टोअरमध्ये सुटकेसी आणि कूलर होता, लोक दार उघडून बंद करायचे. आम्ही सगळं काढून चुना-रंग केला, एक चांगला बल्ब लावला, एका भिंतीला स्टीलची कोठी आणि वरच्या फळीवर चार बरण्या ठेवल्या. पुढच्या वेळी आलेल्या बाई आत गेल्या, हाताने मोजलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या दोन कोठ्या बसतील. त्यांनी घर घेतलं नाही, पण त्या तिथे दहा मिनिटं थांबल्या, आधी तिथे कोणी दहा सेकंद थांबत नव्हतं.

चोकडीत शेवाळ घासून काढा, जाळी साफ करा, पाणी सोडून बघा की लगेच वाहून जातंय. भेटीच्या आधी वरची टाकी भरलेली हवी, नळ सोडल्यावर जोरात पाणी आलं पाहिजे.

बेडरूम आणि बाथरूम

बेडरूमचं थोडक्यात. दहा बाय अकराच्या खोलीत सहा फुटी पलंग कोपऱ्यात ढकललेला असतो, तो बदलून पाच फुटी घेता येत असेल तर घ्या, भिंतीच्या मधोमध आणा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट चालायला ठेवा. एकरंगी फिकट चादर, दोन उशा, बस. लोखंडी कपाटावर ठेवलेल्या बॅगा खाली घ्या. डांबराच्या गोळ्यांचा वास आठवडाभर आधीपासून दारं उघडी ठेवून घालवा. पंखा डुगडुगत असेल तर दुरुस्त करा, येणारे पंखा लावतातच.

बाथरूममध्ये बादल्या दोन, बाकी बाहेर, साबणाच्या अर्ध्या वड्या आणि सगळ्यांचे ब्रश कपाटात. टाइल्सच्या फटी काळ्या असतील तर पांढरी ग्राउट भरून घ्या, दिवसभराचं काम आहे, बाथरूम दहा वर्षांनी नवं दिसतं. कोरडं बाथरूम दाखवा.

उजेड, रंग, वास

एका खोलीत एक पांढरा, एक पिवळा, एक निळसर असे तीन तऱ्हेचे लाइट असतात, ते आधी सारखे करा. खोक्यावर केल्विनचा आकडा लिहिलेला असतो, २७०० ते ३००० पिवळसर ऊबदार, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. बेडरूमला ३०००, हॉल-स्वयंपाकघराला ४००० मला बरं वाटतं, ६५०० मध्ये भिंती दवाखान्यासारख्या दिसतात. जुने काळे-तपकिरी स्विचबोर्ड असतील तर प्लेटा बदलून घ्या, इलेक्ट्रिशियनकडून.

रंग ऑफव्हाइट किंवा क्रीम, सगळ्या घराला एकच. आपल्याला हॉलची ती एक मरून भिंत आवडत असते, पण घेणाऱ्याला तिथे फक्त पुन्हा रंगवायचा खर्च दिसतो. चकचकीत फिनिश नको, त्यात जुन्या प्लास्टरचे उंचवटे उठून दिसतात, मॅटमध्ये लपतात.

वास हा नाजूक विषय आहे पण बोलायला हवा. आमच्याकडे मासळी होते, आम्हाला त्याचा वास येत नाही, येणाऱ्या वैष्णव किंवा जैन कुटुंबाला जिन्यातच येतो. घर दाखवायला काढलंय तेवढे दिवस मासळी आणि लसणाच्या फोडण्या भेटीच्या आदल्या दिवसापासून बंद. त्यावर रूम फ्रेशनर मारू नका, काहीतरी लपवताय असं वाटतं. सकाळी सगळ्या खिडक्या समोरासमोर उघडून तासभर वारा खेळू द्या, सुगंधच हवा तर देवाजवळची एक उदबत्ती पुरे.

दारापासून

दाराबाहेरच्या ओट्यावरच्या चपला कपाटात, तुळशीच्या कुंडीतली सुकलेली पानं काढा, दाराची कडी-कुलूप सहज उघडतंय ना बघा कारण दार उघडायला धडपड झाली तर तिथेच मन खट्टू होतं. तोरण, पाटीवर नाव, छोटी रांगोळी हे सगळं राहू द्या, त्यातून घर नांदतं वाटतं. जुन्या शहरात जिना अरुंद आणि अंधारा असतो, तिथे भेटीच्या वेळी दिवसासुद्धा लाइट चालू ठेवा.

फोटो

हल्ली भेट नंतर, फोटो आधी. सकाळी नऊ ते अकरामध्ये काढा, सगळे पडदे उघडे, लाइट पण चालू. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून, म्हणजे खोली बरीचशी येते. शून्य पॉइंट पाचवाली वाइड लेन्स वापरू नका, फोटोत खोली मैदान दिसते आणि प्रत्यक्ष आल्यावर माणूस दारातच निराश होतो. प्रत्येक खोलीचे दोन, स्वयंपाकघराचे तीन, गच्ची, पार्किंग आणि बाहेरून एक. देवघर, घरातली माणसं, तिजोरी, मुलांच्या शाळेचं नाव दिसेल असं काही फोटोत येऊ देऊ नका.

भेटीच्या दिवशी

वेळ आपण ठरवा. बडोद्याच्या मे महिन्यात दुपारी तीनला पश्चिमेची खोली दाखवली तर ती भट्टी वाटणारच, सकाळी दहा किंवा संध्याकाळी साडेपाच-सहा ठीक. त्याआधी अर्धा तास पंखे, लाइट चालू. घरात दोनच माणसं थांबा. आम्ही सुरुवातीला पाच जण असायचो, बाबा प्रत्येक खोलीत पुढे जाऊन माहिती द्यायचे आणि येणाऱ्यांना आपसात बोलता यायचं नाही. नंतर ठरवलं, दार उघडायचं, पाणी द्यायचं, "निरांते जुओ", निवांत बघा, म्हणायचं आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायचं. त्यांनी विचारलं की सांगायचं, सरळ, थोडक्यात. टीव्ही बंद.

हॉलच्या टेबलावर एक फाइल ठेवा, आधीचा दस्तावेज, वेरा बिल (घरपट्टी), लाइट बिल, मंजूर नकाशा, फ्लॅट असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बीयू परमिशन (इमारत वापरायची परवानगी), सगळ्याच्या झेरॉक्स. मूळ कागद दाखवायला काढू नका. जुन्या शहरात आणि अजून काही भागांत अशांत धारा, म्हणजे गुजरातचा अशांत क्षेत्रांचा कायदा, लागू आहे, तिथे विक्रीच्या आधी कलेक्टर ऑफिसची परवानगी लागते, तुमचा भाग त्यात येतो का ते वकिलाकडून आधीच विचारून ठेवा म्हणजे कोणी विचारलं तर गडबडायला होत नाही. आणि घरात काय राहणार, काय जाणार याची यादी करा, पंखे, एसी, गिझर, इन्व्हर्टर, झोपाळा. आमच्याकडे हे तोंडी होतं आणि बानाखताच्या, म्हणजे साठेखताच्या, दिवशी झोपाळ्यावरून अर्धा तास गेला, त्या सासूबाई झोपाळ्याशिवाय घर घ्यायला तयार नव्हत्या! आईने दिला, आणि मग बानाखतात एक ओळ वाढवून घेतली.

कधी काढायचं तेही सांगते. श्राद्धपक्षात आणि कमुर्त्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायण म्हणजे संक्रांतीपर्यंत, इथे फारसं कोणी सौदा करत नाही. तो महिना मोकळा मिळतो तो प्लास्टर वाळवायला, रंगाला आणि माळा रिकामा करायला वापरा. उत्तरायण झालं की बघणारे परत सुरू होतात आणि त्या दिवसांत हमखास गच्चीवर जायला मागतात, मुलं पतंग कुठून उडवतील ते बघायला, म्हणून १६ जानेवारीला सकाळीच गच्ची झाडून काढा, टाकीच्या पाइपात आणि अँटेनाच्या तारेत अडकलेला मांजा सुद्धा कात्रीने कापून गोळा करा, हातमोजे घालून.